संगणक ‘म्हातारा’ होतो म्हणजे काय?

शाळेच्या प्रयोगशाळेतील सूक्ष्मदर्शक वीस-पंचवीस वर्षे सहज वापरात राहतो. कपाटात पडून राहिलेला एखादा जुना सूक्ष्मदर्शक बाहेर काढावा, भिंगे पुसावीत, आरसा उजेडाकडे वळवावा. कांद्याच्या पापुद्र्यातील पेशी पूर्वी जशा दिसत होत्या तशाच आजही दिसतात. तराजूचे तेच, चुंबकसूचीचेही तेच. मग संगणकच असा काय वेगळा आहे, की सात-आठ वर्षांत त्याला ‘जुना झाला’ म्हणून कोपऱ्यात ठेवावे लागते? मुंबईची मोठी शाळा असो की नागपूरच्या दक्षिण टोकाला असलेल्या हुडकेश्वरची लहान शाळा, मुख्याध्यापकांच्या खोलीत कापडाखाली झाकलेला एखादा तरी लॅपटॉप असतो. सुरू केला तर सुरू होतो, पण दहा-दहा मिनिटे नुसते गोल फिरत राहते. हे यंत्र खरोखरच निकामी झाले आहे काय?

या प्रश्नाचे उत्तर शोधू लागलो की आपण थेट एका इतिहासात शिरतो. तो इतिहास यंत्रांचा आहे, त्याहून अधिक तो हक्कांचा आहे.

ओझे कोणाचे वाढले?

आधी ‘जुना होणे’ या शब्दांचा अर्थ पाहू या. लॅपटॉपच्या बाबतीत त्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात.

पहिली गोष्ट खरीखुरी झीज. बॅटरीतील रासायनिक क्रिया हळूहळू मंदावतात आणि ती भार धरेनाशी होते. फिरणाऱ्या हार्ड डिस्कचे भाग झिजतात. पंख्यात धूळ बसते. विदर्भातील उन्हाळ्यात, जेव्हा बाहेरच पारा ४५ अंशांच्या आसपास असतो, तेव्हा धुळीने बंद झालेल्या जाळीतून उष्णता बाहेर पडत नाही. प्रोसेसर तापला की स्वतःला वाचवण्यासाठी तो आपला वेग आपणच कमी करतो. आपल्याला वाटते यंत्र थकले. प्रत्यक्षात त्याचा श्वास कोंडलेला असतो. मात्र ही सगळी झीज सुधारता येते. धूळ काढता येते, डिस्क बदलता येते. प्रोसेसरमधील ट्रान्झिस्टर तर पहिल्या दिवशी ज्या वेगाने काम करीत होते त्याच वेगाने आजही करतात.

दुसरी गोष्ट वाढलेल्या ओझ्याची. १९९५ साली आलेल्या विंडोज ९५ ला किमान ४ मेगाबाइट स्मृती, म्हणजे रॅम, पुरत असे. २००१ च्या विंडोज एक्सपीला किमान ६४ मेगाबाइट लागत. २००९ च्या विंडोज ७ ला एक गिगाबाइट आणि २०२१ च्या विंडोज ११ ला किमान ४ गिगाबाइट. सव्वीस वर्षांत गरज सुमारे हजार पटींनी वाढली. आपण मात्र पूर्वीसारखेच पत्र लिहितो, गुणांचा तक्ता करतो, चित्र दाखवतो.

रॅम अपुरी पडली की काय होते, ते आकड्यांत पाहण्यासारखे आहे. संगणक तेव्हा काही माहिती हार्ड डिस्कवर नेऊन ठेवतो आणि लागेल तशी परत आणतो. मिनिटाला ५४०० फेऱ्या घेणारी डिस्क सेकंदाला ९० फेऱ्या घेते; म्हणजे एका फेरीला सुमारे ११ मिलिसेकंद. हवी ती जागा सुईखाली येण्यास सरासरी अर्धी फेरी, म्हणजे साडेपाच मिलिसेकंद लागतात. सुई योग्य पट्ट्यावर सरकण्यास आणखी दहाएक मिलिसेकंद. एकूण पंधरा धरू. रॅममधील माहिती मात्र साधारण १०० नॅनोसेकंदांत हाती येते. म्हणजे डिस्क दीड लाख पटींनी सावकाश! टेबलावरचे पुस्तक उचलायला एक सेकंद लागत असेल, तर डिस्कवरचे पुस्तक आणायला जवळजवळ पावणेदोन दिवस लागतील. फिरत राहणाऱ्या त्या गोल चिन्हामागे हे हेलपाटे असतात.

तिसरी गोष्ट सर्वांत कमी दिसणारी, पण सर्वांत निर्णायक. ऑपरेटिंग सिस्टिम बनवणारी कंपनी एके दिवशी जाहीर करते, की यापुढे या आवृत्तीत सुधारणा मिळणार नाहीत. विंडोज एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी संपला, विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. त्या तारखेला कोणत्याही यंत्रातील एकही सुटा भाग बिघडला नाही. तरी जगातील कोट्यवधी यंत्रे त्या दिवशी ‘जुनी’ झाली. कारण विंडोज ११ ला ठरावीक सुरक्षा-चिप आणि साधारणपणे २०१७ नंतरचा प्रोसेसर लागतो.

पहिल्या अर्थाने यंत्र निसर्गनियमाने जुने होते. दुसऱ्या आणि तिसऱ्या अर्थाने ते जुने ठरवले जाते. कोण ठरवतो, आणि तो अधिकार आपल्याकडे घेता येतो का, या प्रश्नातून मुक्त आज्ञावलीचा इतिहास घडला.

एका प्रिंटरची गोष्ट

१९८० च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत झेरॉक्स कंपनीचा एक नवा प्रिंटर आला. तो वारंवार अडकत असे. आधीच्या प्रिंटरच्या आज्ञावलीत तेथील रिचर्ड स्टॉलमन या संगणकतज्ज्ञाने छोटी सुधारणा केली होती: कागद अडकला की वापरणाऱ्याच्या पडद्यावर सूचना येत असे. नव्या प्रिंटरमध्ये त्याला तसेच करायचे होते. पण त्याच्या आज्ञावलीचा मूळ मजकूर कंपनीने दिला नाही, आणि ज्याच्याकडे तो होता त्याने ‘गुप्ततेचा करार केला आहे’ म्हणून देण्यास नकार दिला.

गोष्ट साधी आहे, पण तिच्यातील पेच महत्त्वाचा आहे. यंत्र आपल्या खोलीत, बिघाड आपल्याला दिसतो, दुरुस्तीचे ज्ञान आपल्याकडे आहे. पण दुरुस्त करण्याची परवानगी नाही. २७ सप्टेंबर १९८३ रोजी स्टॉलमनने ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली. युनिक्ससारखी, पण पूर्णपणे मुक्त अशी ऑपरेटिंग सिस्टिम बनवायची हा त्याचा हेतू. मुक्त म्हणजे काय? वापरणाऱ्याला चार मोकळिकी असणे: कोणत्याही कामासाठी आज्ञावली चालवण्याची, ती कशी चालते ते अभ्यासून बदलण्याची, तिच्या प्रती इतरांना देण्याची, आणि आपण केलेले बदलही वाटण्याची. इंग्रजीत ‘मुक्त’ आणि ‘फुकट’ यांना एकच शब्द असल्याने तेथे फार घोटाळा झाला. मराठीत तो होण्याचे कारण नाही. पाणपोईवरचे पाणी फुकट असते. विहिरीवर पाणी भरण्याचा हक्क ही वेगळी गोष्ट आहे.

१९८९ मध्ये या मोकळिकीचे रक्षण करणारा परवाना, जीपीएल, तयार झाला. त्याची युक्ती मोठी चतुर आहे. प्रताधिकाराचा कायदा एरवी ‘प्रत काढू नका’ असे सांगण्यासाठी वापरतात. येथे त्याच कायद्याच्या बळावर सांगितले, की प्रत जरूर काढा, बदल करा, पण पुढे देताना घेणाऱ्यालाही हीच मोकळीक द्या.

ग्नू प्रकल्पाकडे बरीच अवजारे तयार झाली, पण यंत्राशी थेट बोलणारा गाभा, ज्याला कर्नल म्हणतात, तो अपुरा होता. तो आला फिनलंडमधून. हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोर्व्हाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने १९९१ च्या आरंभी ३८६ प्रोसेसरचा संगणक विकत घेतला. प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी शिकवण्यासाठी लिहिलेली ‘मिनिक्स’ ही छोटी प्रणाली त्याला अपुरी वाटली, म्हणून त्याने स्वतःचा गाभा लिहायला घेतला. २५ ऑगस्ट १९९१ रोजी त्याने ही बातमी इतरांना कळवली. १९९२ मध्ये लिनक्स जीपीएल परवान्याखाली आले आणि ग्नूची अवजारे व लिनक्सचा गाभा यांची जोडी जमली.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. लिनक्स मोठ्या प्रयोगशाळेत, महागड्या यंत्रावर जन्मले नाही. एका विद्यार्थ्याच्या घरगुती, काही मेगाबाइट स्मृतीच्या यंत्रावर ते जन्मले. थोडक्यात भागवणे हे त्याच्या बाळपणातच होते.

भारतात तबकडीवरून

१९९३ साली स्लॅकवेअर आणि डेबियन हे संच सुरू झाले. गाभा, अवजारे, लेखनाच्या व जाळ्याच्या आज्ञावल्या हे सारे एकत्र बांधून देणारा असा संच म्हणजे ‘डिस्ट्रिब्युशन’. पण भारतात तो पोचणार कसा?

आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सुरू केली, तीही मोजक्या महानगरांत. दूरध्वनीच्या तारेवरून सेकंदाला २८,८०० बिट, म्हणजे ३,६०० बाइट, असा वेग मिळाला तर एका तबकडीवरची ६५ कोटी बाइट माहिती उतरवायला किती वेळ लागेल? विद्यार्थ्यांना हे गणित जरूर घालावे. उत्तर येते सुमारे ५० तास, तेही तार एकदाही न तुटता! नागपूरसारख्या शहरात कोणी हा नाद केला असता, तर लिनक्स ‘फुकट’ असूनही दूरध्वनीच्या बिलाने परवडले नसते.

मार्ग काढला तो एका मासिकाने. ‘पीसीक्वेस्ट’ या भारतीय संगणक-मासिकाने १९९६ मध्ये अंकाबरोबर लिनक्सची तबकडी दिली आणि पुढे अनेक वर्षे हा शिरस्ता चालू ठेवला. या उपक्रमामागे अतुल चिटणीस यांचा मोठा वाटा होता. २०१३ साली त्यांचे निधन झाले. एक तबकडी एकाने घ्यावी आणि दहा जणांनी प्रती काढाव्यात, हे येथे कायदेशीर होते. त्यातून गावोगावी ‘लिनक्स वापरणाऱ्यांचे गट’ उभे राहिले. रविवारी कोणाच्या तरी कचेरीत जमायचे, अडलेले यंत्र घेऊन यायचे, एकमेकांना सांगायचे. २० जुलै २००१ रोजी तिरुवनंतपुरम येथे स्टॉलमन यांच्या उपस्थितीत ‘फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन ऑफ इंडिया’ सुरू झाली. तिची धुरा वाहिलेले नागार्जुन जी. हे मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातील. म्हणजे भारतातील या चळवळीचे एक घर पहिल्यापासून विज्ञानशिक्षणाच्या अंगणात होते.

गोव्यातील बोटीने आलेले संगणक

जुनी यंत्रे आणि मुक्त प्रणाली यांची शाळेसाठी सांगड घालण्याचा आपल्या परिसरातील एक लवकरचा प्रयोग गोव्यात झाला. परदेशी स्थायिक झालेल्या गोवेकरांच्या ‘गोवा सुधारप’ या संस्थेने या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत अमेरिकेत वापरून झालेले संगणक गोव्यातील शाळांसाठी मिळवून पाठवले. तेथील कचेऱ्यांनी ते ‘जुने’ म्हणून काढून टाकले होते. येथील शाळांना ते नव्यासारखेच होते. पत्रकार फ्रेडरिक नोरोन्हा यांनी ही हकीकत त्या काळात सातत्याने लिहिली.

प्रश्न आला तो यंत्रांवर काय चालवायचे हा. प्रत्येक यंत्रासाठी ऑपरेटिंग सिस्टिम आणि कचेरीच्या कामाच्या आज्ञावल्या रीतसर विकत घ्यायच्या, तर दान मिळालेल्या यंत्राहून त्यांचीच किंमत जास्त व्हायची. चोरून घेतलेली प्रत वापरणे हा त्या काळी सर्रास चालणारा मार्ग होता. पण ज्या शाळेत मुलांना कॉपी करू नये असे शिकवायचे, तेथे तो कसा शोभणार? म्हणून गोव्यातील लिनक्स गटाच्या स्वयंसेवकांच्या मदतीने लिनक्स निवडले गेले.

याच सुमाराची आणखी एक युक्ती सांगण्यासारखी आहे. १९९९ मध्ये ‘लिनक्स टर्मिनल सर्व्हर प्रोजेक्ट’ सुरू झाला. एक बऱ्यापैकी ताकदीचा संगणक मध्ये ठेवायचा आणि दहा-पंधरा जुने संगणक त्याला तारांनी जोडायचे. सगळे काम मधला संगणक करतो. जुनी यंत्रे फक्त चित्र दाखवतात आणि कळफलकावरची अक्षरे पोचवतात. त्यांना हार्ड डिस्कही लागत नाही. एका दमदार बैलाच्या जोरावर सगळी मोट चालावी तसे हे.

अक्षरांची लढाई

पण गावातील शाळेला फक्त वेग पुरत नाही; मराठीही हवी. आणि ही लढाई दिसते त्याहून कठीण होती.

१९८८ मध्ये भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हा संकेत ठरला आणि त्याच्या आधारे १९९१ च्या युनिकोडमध्ये देवनागरीला जागा मिळाली. संकेत मिळाला तरी पडद्यावर अक्षर नीट जुळून यायला हवे. देवनागरीत ‘कि’ लिहिताना उच्चारात नंतर येणारी वेलांटी आधी काढावी लागते, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसवावा लागतो. आणि मराठीचा स्वतःचा एक पेच आहे. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ या दोन शब्दांत गुरुजी आणि स्वयंपाकी एवढे अंतर आहे! हा ‘ऱ्य’ नीट उमटला नाही तर मराठी मजकूर हास्यास्पद होतो. बंद प्रणालीत असा दोष सापडला, तर कंपनीला पत्र लिहून वाट पाहायची. मुक्त प्रणालीत तो आपणच दुरुस्त करता येतो, आणि ते आपल्याकडे घडले.

मुंबईला जुहू येथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राने ‘इंडिक्स’ या प्रकल्पात लिनक्सच्या पडद्यावर भारतीय भाषा उमटवण्याचे काम केले. तेथेच र. कृ. जोशी या कवी आणि सुलेखनकारांनी ‘रघू’ हा देवनागरी टंक घडवला, आणि तो मुक्त परवान्याखाली उपलब्ध झाला. विंडोजमधला आपल्या परिचयाचा ‘मंगल’ टंकही त्यांचाच. एकाच कलावंताच्या हातची दोन अक्षरे. एक बंद घरात, एक मोकळ्या अंगणात. मुंबईच्या व्हीजेटीआयमधील प्राध्यापक जितेंद्र शहा यांच्या ‘इंडिकट्रान्स’ गटाने लिनक्सच्या मराठीकरणाचे काम हाती घेतले. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने घडवलेले ‘लोहित’ टंक रेड हॅट कंपनीने २००४ मध्ये मुक्त केले. लोहित म्हणजे लाल. कंपनीच्या नावातील लाल टोपीवरून हे नाव सुचले असावे असे वाटते. आज जुन्या लॅपटॉपवर लिनक्स चढवून ‘मराठी’ निवडले, की यादी, खिडक्या आणि सूचना मराठीत येतात. त्यामागे हे काम आहे.

सरकारी पातळीवर सी-डॅकने २००७ मध्ये डेबियनच्या पायावर ‘बॉस’ ही भारतीय प्रणाली प्रसिद्ध केली. २०१२ च्या शालेय माहिती-तंत्रज्ञान धोरणाने मुक्त आज्ञावलीला पसंती दिली आणि २०१५ मध्ये केंद्र सरकारने आपल्या कारभारासाठीही तसे धोरण जाहीर केले. कागदावर वाट मोकळी झाली. वर्गात मात्र ती तेवढी चालली गेली नाही.

खैराटचा धडा

२००७ च्या ऑक्टोबरात रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातील खैराट धनगरवाड्यावर एक नवल घडले. पहिली ते चौथीच्या छोट्या शाळेतील वीस-बावीस मुलांना प्रत्येकी एक हिरवा-पांढरा लॅपटॉप मिळाला. ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या जागतिक योजनेतील भारतातला हा पहिलाच प्रयोग. केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालयाने २००६ मध्ये ही योजना नाकारली होती, म्हणून तो खासगी पुढाकाराने झाला.

आपल्या विषयाच्या दृष्टीने ते यंत्र मोठे बोधप्रद आहे. प्रोसेसर ४३३ मेगाहर्ट्‌झचा, रॅम २५६ मेगाबाइट, साठवण एक गिगाबाइट. त्या वेळच्या बाजारातही हे आकडे फिकेच होते. आज कपाटात पडलेला कोणताही लॅपटॉप याहून कितीतरी सशक्त असतो. तरी त्यावर मुले लिहीत, चित्रे काढत, छायाचित्रे घेत, सूर जुळवत. कारण त्यावर लिनक्सचा गाभा आणि मुलांसाठी मुद्दाम घडवलेले ‘शुगर’ हे रूप होते. होमी भाभा केंद्राच्या संशोधकांनी पुढे येथील मुलांच्या शिकण्याचा अभ्यास केला.

जगभर या योजनेचा गाजावाजा झाला, आणि मग ती ओसरली. शंभर डॉलरचा लॅपटॉप दुपटीच्या घरात गेला. यंत्रे मिळाली, पण सुटे भाग आणि शिक्षकांची तयारी यांकडे अनेक देशांत दुर्लक्ष झाले. परंतु आज्ञावली यंत्राबरोबर मेली नाही. २००८ मध्ये ‘शुगर’ स्वतंत्र झाले आणि २००९ मध्ये ते पेनड्राइव्हवरून कोणत्याही साध्या लॅपटॉपवर चालवता येऊ लागले. दान देणारा निघून गेला तरी जी वस्तू राहते आणि चालवता येते, तिचेच शाळेला खरे मोल.

याच काळात महाराष्ट्रात शासकीय योजनेतून शाळांना संगणककक्ष मिळाले. पुरवठादाराने कक्ष उभारावा, ठरावीक वर्षे चालवावा, मग शाळेच्या हवाली करावा, अशी त्यात पद्धत होती. हवाली झाल्यावर काय, याचे उत्तर अनेक शाळांपाशी नव्हते. शिक्षक गेला आणि खोलीला कुलूप लागले. केरळने वेगळी वाट धरली. तेथे शाळेतील शिक्षकांनाच आधी तयार केले, त्यांनीच इतर शिक्षकांना शिकवले आणि शालेय संगणकशिक्षण टप्प्याटप्प्याने लिनक्सवर आणले. २०१८ पासून तेथील माध्यमिक शाळांत ‘लिटल काइट्स’ ही विद्यार्थ्यांची मंडळेही आहेत. दोन राज्यांतील फरक यंत्रांचा नव्हता. यंत्राची जबाबदारी कोणाला आपली वाटते, हा होता.

आज हुडकेश्वरला काय करता येईल?

हुडकेश्वर हे आम्ही उदाहरणादाखल घेतले आहे. शेतांच्या जागी लेआउट पडले, गाव शहराला येऊन मिळाले, शाळा वाढल्या. अशा वस्तीत घरोघरी एक-दोन जुने लॅपटॉप सापडतात. विंडोज १० चा आधार संपल्यानंतर त्यांची संख्या वाढतच जाणार. त्यांतील पुष्कळसे भंगारवाल्याकडे जातील. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ मधील अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन इलेक्ट्रॉनिक कचरा निर्माण झाला आणि त्यापैकी जेमतेम २२ टक्क्यांचीच रीतसर विल्हेवाट लागल्याची नोंद आहे. शिवाय लॅपटॉपमुळे होणाऱ्या कार्बन-उत्सर्जनाचा मोठा भाग तो वापरताना नव्हे, तर तयार करतानाच झालेला असतो. म्हणून चालू यंत्राला आणखी पाच वर्षे लाभणे ही नुसती पैशाची बचत नव्हे.

कृती फार अवघड नाही. प्रथम यंत्राची ओळख करून घ्यावी: प्रोसेसर कोणता, रॅम किती, डिस्क फिरणारी की स्थिर. त्यातील कामाच्या फायली दुसरीकडे काढून ठेवाव्यात. मग लिनक्स मिंटची हलकी आवृत्ती, लुबुंटू, बॉस यांपैकी एखादा संच पेनड्राइव्हवर घ्यावा आणि संगणक त्यावरूनच सुरू करून पाहावा. हार्ड डिस्कला हात न लावता सगळी प्रणाली चालवून पाहता येते. ही सोय २००० साली जर्मनीच्या क्लाउस क्नॉपर यांनी ‘नॉपिक्स’मधून लोकप्रिय केली. वाय-फाय, आवाज, प्रोजेक्टर चालतात का, मराठी टंकलेखन होते का, हे तपासावे. सगळे ठीक असेल तरच प्रणाली कायमची बसवावी. फिरणारी डिस्क काढून स्थिर डिस्क घातली, तर आपण वर पाहिलेला पंधरा मिलिसेकंदांचा हेलपाटा सुमारे शंभर पटींनी कमी होतो. एवढ्या खर्चात एवढा फरक पाडणारी दुसरी दुरुस्ती नाही.

मग त्यावर लिब्रेऑफिसमध्ये प्रश्नपत्रिका करा, जिओजेब्रामध्ये वर्तुळाच्या स्पर्शिका काढा, स्टेलेरियममध्ये आज रात्रीचे नागपूरचे आकाश दाखवा, लहानांसाठी जीकॉम्प्री लावा. इंटरनेट नसेल तर कीविक्सच्या साहाय्याने मराठी विकिपीडिया साठवून ठेवता येतो. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने यांतील अनेक आज्ञावल्यांचे पाठ मराठी निवेदनात तयार केले आहेत.

मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. फुगलेला बॅटरीसंच धोक्याचा असतो. तो लगेच काढून इलेक्ट्रॉनिक कचऱ्याच्या अधिकृत संकलन केंद्राकडे द्यावा, मुलांच्या हाती देऊ नये. प्रणाली कितीही हलकी असली तरी आजची संकेतस्थळे जड आहेत. दोन गिगाबाइटच्या यंत्रावर वीस पाने एकदम उघडली तर ते पुन्हा धापा टाकणारच. काही सरकारी कामांच्या आज्ञावल्या किंवा एखादा जुना प्रिंटर लिनक्सवर चालत नाही. त्यासाठी एक विंडोजचे यंत्र राखून ठेवणे शहाणपणाचे.

आणि मुक्त प्रणालीही कायम मागे वळून पाहत बसत नाही. २०१३ च्या फेब्रुवारीत आलेल्या लिनक्सच्या ३.८ आवृत्तीतून ३८६ प्रोसेसरचा आधार काढण्यात आला. म्हणजे ज्या यंत्रावर लिनक्स जन्मले, त्याच यंत्रावर नवे लिनक्स चालेनासे झाले! ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये ३२-बिट संगणकांवर बसवण्याची सोय उरली नाही. ३२ बिटांत ४,२९,४९,६७,२९६ एवढेच पत्ते लिहिता येतात, म्हणजे चार गिगाबाइटांपलीकडची स्मृती एरवी मोजता येत नाही. जग तेथून पुढे गेले. मग बंद आणि मुक्त यांत फरक काय राहिला?

फरक असा, की येथे निर्णय उघड्यावर होतो. आधार का काढला, त्याची चर्चा कोणालाही वाचता येते. जुन्या आवृत्तीचा मूळ मजकूर कोणी काढून घेत नाही. ज्यांना गरज आहे अशांनी एकत्र येऊन ती पुढे चालवली तर त्यांना कोणी अडवत नाही, आणि काही छोटे संच आजही ३२-बिट यंत्रांसाठी तसे चालवले जात आहेत. यंत्र कधी ना कधी मरणारच. पण त्याचा दिवस दूर बसलेल्या एकाच कंपनीने ठरवायचा, की ते वापरणाऱ्यांनीही त्यात बोलायचे, हा तो फरक आहे.

शिक्षकांनी या वर्षी एक उपक्रम करून पाहावा. आठवी-नववीच्या मुलांना शाळेतील आणि परिसरातील बंद पडलेल्या लॅपटॉपची यादी करू द्या. प्रत्येकापुढे लिहायला सांगा: बिघाड कोणता? झिजेचा, ओझ्याचा, की संपलेल्या आधाराचा? किती यंत्रे कोणत्या रकान्यात पडतात ते फळ्यावर मोजा. दुसऱ्या आणि तिसऱ्या रकान्यातील यंत्रांपैकी निदान एक तरी मुलांच्या हातून पुन्हा सुरू होऊ द्या. त्या दिवशी मुले संगणक वापरायला शिकतीलच, शिवाय झाकण उघडून आत पाहण्याचा हक्क आपलाही आहे, हे त्यांना कळेल. विज्ञानाच्या तासाला याहून वेगळे आपण काय शिकवत असतो?